घुंगरू ऐकू न येणारी तबकडी : गौहर जान यांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आम्ही शिकवतो त्या शाळेत स्नेहसंमेलनासाठी एक कार्यक्रम ठरला होता. इतिहासातल्या कर्तबगार मुस्लिम स्त्रिया. प्रत्येक मुलीने एक नाव निवडायचं, तसा पेहराव करायचा आणि दोन मिनिटांत माहिती सांगायची. रझिया सुलतान, चांदबीबी, फातिमा शेख ही नावं भराभर गेली. नववीतल्या एका मुलीने चिठ्ठीवर गौहर जान असं लिहून दिलं. तिने अब्बांच्या मोबाइलवर त्यांची जुनी रेकॉर्ड ऐकली होती आणि तो खरखरीतून येणारा उंच, धारदार आवाज तिच्या डोक्यात बसला होता.

मीटिंगमध्ये ती चिठ्ठी वाचली गेली तेव्हा थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग एकाने सांगितलं की ही तर नाचणारी होती, पालकांना काय उत्तर देणार? नाव खोडलं गेलं. आम्ही खोडलं नाही, पण गप्प बसलो. त्या मुलीला बेगम हजरत महल यांचं नाव दिलं, पुठ्ठ्याची तलवार दिली आणि विषय संपला. मुलगी मात्र जाताना विचारून गेली, की त्या नाचणाऱ्या होत्या तर रेकॉर्डमध्ये घुंगरू का ऐकू येत नाहीत. तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. आज जे लिहितोय ते त्या उत्तराच्या शोधात वाचलेलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मौसिकी जायज की नाजायज हा उलेमांचा विषय आहे, त्यात आम्ही पडत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. एका बाईने आयुष्यभर काम केलं, त्या कामाने देशात गाणं ऐकण्याची रीतच बदलली. तिचं नाव घेताना आपली जीभ का अडखळते, आणि दुसऱ्या कुणाचं घेताना का अडखळत नाही?

गौहर जान यांचा जन्म २६ जून १८७३ चा, उत्तर प्रदेशातल्या आजमगडचा. जन्माचं नाव एलीन अँजेलिना योवर्ड. वडील विल्यम रॉबर्ट योवर्ड हे आर्मेनियन वंशाचे, बर्फाच्या कारखान्यात इंजिनिअर. आई व्हिक्टोरिया हेमिंग्ज हिचे वडील इंग्रज आणि आई रुक्मिणी भारतीय. म्हणजे या पोरीच्या रक्तात तीन मुलखं होती. व्हिक्टोरियाला गाण्याची आणि नाचाची तालीम मिळालेली होती, तिला कविताही सुचायच्या. पण १८७९ मध्ये नवरा-बायको वेगळे झाले. सहा वर्षांची मुलगी पदरात, नवऱ्याचा पैसा नाही, माहेरचा आधार नाही. त्या काळात अशा बाईपुढे किती वाटा असतील याचा हिशेब आपण प्रत्येकाने आपल्या घरातल्या जुन्या बायकांच्या गोष्टी आठवून करावा.

१८८१ मध्ये खुर्शीद नावाच्या एका मुस्लिम रईसाच्या सोबतीने मायलेकी बनारसला आल्या. तिथे दोघींनी इस्लाम स्वीकारला. व्हिक्टोरियाची मलका जान झाली, अँजेलिनाची गौहर जान. त्या वेळी मलका जान नावाच्या आणखीही गायिका होत्या, आणि ही त्यांच्यात वयाने मोठी, म्हणून लोक तिला बडी मलका जान म्हणू लागले. हे धर्मांतर मनापासूनचं की सोयीचं, असा प्रश्न आम्हाला एका वाचकाने पूर्वी विचारला होता. दिलात काय होतं ते अल्लाह जाणे. दोघी मुस्लिम नावाने जगल्या आणि मुस्लिम नावानेच दुनियेतून गेल्या, एवढं आम्ही सांगू शकतो.

इथे तवायफ या शब्दावर थोडं थांबायला हवं. सिनेमाने तो शब्द इतका वापरला की आता त्याचा एकच अर्थ उरलाय. आपल्याकडे जिला कलावंतीण किंवा नायकीण म्हणत, तिच्याशी हा शब्द जवळचा आहे. वरच्या दर्जाच्या, डेरेदार म्हणवणाऱ्या तवायफांना लहानपणापासून उस्तादांकडून गाणं, कथ्थक, उर्दू-फारसी शायरी आणि बोलण्या-बसण्याचा अदब शिकवला जाई. खाली इतरही बऱ्याच पायऱ्या होत्या, रस्त्यावर आणि जत्रेत नाचणाऱ्यांपर्यंत. लखनऊच्या १८५८ ते १८७७ या काळातल्या कराच्या नोंदींत सर्वांत वरच्या कर-वर्गात या स्त्रियांची नावं सापडतात. घरं, दुकानं, बागा त्यांच्या स्वतःच्या नावावर. ज्या काळात शरीफ घरातल्या बहुतेक बाईला सही करता येत नव्हती, त्या काळात या बायका कर भरत होत्या. त्यांच्या घरात मालमत्ता आईकडून मुलीकडे जाई आणि मुलगी जन्मली की आनंद होई. बाकीच्या समाजाच्या बरोबर उलटं.

पण हेही विसरून चालणार नाही की ही मालकी एका अटीवर होती. लग्न करून घर थाटणं त्यांच्यासाठी नव्हतं, आणि मेहफिलीत वाहवा करणारा माणूस दुसऱ्या दिवशी बायको-मुलांसोबत असताना ओळख दाखवत नसे. पैसा होता, इज्जत उधारीवर होती.

१८८३ मध्ये मलका जान मुलीला घेऊन कलकत्त्याला आल्या. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह तिथे मटियाबुर्जमध्ये राहत होते. इंग्रजांनी १८५६ मध्ये त्यांचं राज्य खालसा केलं, तेव्हा गवई, नर्तक, बावर्ची, शायर असं अख्खं लखनऊ उचलून ते हुगळीच्या काठावर आले. स्वतः ठुमऱ्या रचत, नाच शिकवत. लखनऊत असताना त्यांनी परीखाना नावाची एक संस्था चालवली होती. तिथे मुलींना नाचगाण्याची तालीम मिळे आणि त्या मुलींना परी म्हणत.

हे वाचत असताना आम्ही पुस्तक खाली ठेवलं, कारण बेगम हजरत महल याच परीखान्यातून पुढे आलेल्या. गरीब घरातली मुलगी, आईबापांनी महालात विकलेली, तिथे परी झाली, मग नवाबाच्या हरममध्ये गेली, मग मुलाची आई म्हणून बेगम. नवाब कलकत्त्याला निघून गेले तेव्हा त्या लखनऊतच राहिल्या. १८५७ मध्ये त्यांनी मुलगा बिरजिस कद्र याला गादीवर बसवलं, इंग्रजांशी लढल्या आणि १८७९ मध्ये काठमांडूत वारल्या, पण शरण गेल्या नाहीत. आमच्या मीटिंगने नाचणारीचं नाव खोडून जिचं नाव दिलं, तीही नाच शिकूनच वर आलेली. फरक इतकाच की तिला नवाब मिळाला आणि तलवार मिळाली.

असो. मलका जान यांची कमाई कलकत्त्यात इतकी झाली की तीनेक वर्षांत त्यांनी चितपूर रोडवर ४० हजार रुपयांना घर घेतलं. आज त्या रस्त्याला रवींद्र सरणी म्हणतात, आणि नाखुदा मशीदही त्याच भागात आहे. गौहरचं शिक्षण या घरात झालं. पतियाळाचे काले खाँ, रामपूरचे वजीर खाँ अशा उस्तादांकडे गाणं, चरणदास यांच्याकडे बंगाली कीर्तन आणि लखनऊचे बिंदादीन महाराज यांच्याकडे कथ्थक. घरात इंग्रजी होतीच. हमदम या तखल्लुसने त्या उर्दूत लिहीतही.

बिंदादीन महाराजांचं नाव आलंय तर ठुमरीविषयी सांगू. आज आपण ठुमरी म्हणजे बसून ऐकायचं उपशास्त्रीय गाणं समजतो. मुळात ती नाचाची गाणी होती. बिंदादीन महाराजांनी ठुमऱ्या रचल्या त्या अभिनयासाठी. नर्तकी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते आणि दर वेळी वेगळा भाव दाखवते. एकदा रुसवा, एकदा वाट बघणं, एकदा नुसती भुवई. याला भाव बताना म्हणतात. मागे सारंगिये आणि तबलजी साज कमरेला बांधून उभे राहत आणि नाचणारीसोबत पुढे-मागे सरकत. म्हणजे गाणं आणि नाच ही दोन कामं नव्हतीच. हात थांबला तर ओळीचा अर्धा अर्थ जाई.

१८८७ मध्ये, चौदाव्या वर्षी, गौहर जान पहिल्यांदा दरभंग्याच्या दरबारात उभ्या राहिल्या. महाराज खूश झाले आणि त्यांना दरबारात नोकरीवर ठेवलं. पुढच्या काही वर्षांत कलकत्त्यात त्यांच्या तोडीची गाणारी-नाचणारी उरली नाही, असं लोक म्हणू लागले.

नेमक्या याच वर्षांत वारं फिरत होतं. १८९२-९३ च्या सुमारास मद्रासमध्ये नाचविरोधी चळवळ सुरू झाली. इंग्रजी शिकलेले सुधारक आणि मिशनरी एकत्र आले आणि त्यांनी व्हाइसरॉय व गव्हर्नरांना अर्ज दिला, की ज्या समारंभात असा नाच असेल तिथे साहेबांनी जाऊ नये. काही सुधारकांच्या मनात या बायकांविषयी खरी कळवळ होती, ते नाकारता येणार नाही. लहान मुलींना या धंद्यात ढकललं जाई, हेही खरं. पण अर्जात या बायकांच्या पोटापाण्याचं काय, हा प्रश्न फारसा कुठे नव्हता, आणि त्यांना विचारलंही नव्हतं. नव्या मध्यमवर्गाला स्वतःचं शरीफपण सिद्ध करायचं होतं आणि त्यासाठी कुणीतरी शरीफ नसलेलं लागतं. ते काम नाचणारीच्या गळ्यात पडलं. संगीत हवं होतं, बाई नको होती.

अशा वेळी एक यंत्र आलं.

ग्रामोफोन कंपनीचा माणूस फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये लंडनहून कलकत्त्याला उतरला. त्याला हिंदुस्थानातली गाणी रेकॉर्ड करायची होती. मोठे उस्ताद तयार होईनात. आपली विद्या तबकडीवर गेली तर गल्लीबोळात वाजेल, कुणीही चोरेल, आणि यंत्राने आवाज जाईल, अशी भीती. गाणाऱ्या बायकांना गमावण्यासारखं कमी होतं. त्यांनी यंत्र आजमावलं.

गौहर जान यांची पहिली रेकॉर्ड ११ नोव्हेंबर १९०२ ची. त्या भारतात रेकॉर्ड झालेल्या पहिल्या गायिका, असं सगळीकडे छापलं जातं. आम्हीही वर्गात तसंच सांगत आलो होतो. पण ते बरोबर नाही. तीन दिवस आधी, ८ नोव्हेंबरला, कलकत्त्याच्या क्लासिक थिएटरमधल्या शशिमुखी आणि फणिबाला या दोन तरुण मुलींचा आवाज घेतला गेला होता. नाटकात नाचगाणं करणाऱ्या पोरी. गायसबर्गला त्यांचं गाणं फारसं आवडलं नाही. त्यांची घरं कुठे होती, पुढे त्यांचं काय झालं, याची इतिहासात नीट नोंद नाही. नाचणाऱ्या बायकांमध्येही वर्ग असतात. चितपूर रोडवर हवेली असणारीचं नाव राहिलं, थिएटरच्या विंगेतून आलेल्या दोघी हिशेबातून गळल्या. गौहर जान यांच्यावर झालेल्या अन्यायाची गोष्ट सांगताना हा दुसरा अन्याय आपल्या हातून होऊ नये.

रेकॉर्डिंग कसं व्हायचं ते समजून घेतलं की त्या मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता, तो १९२५ च्या सुमारास आला. भिंतीतून किंवा टेबलावरून एक मोठा कर्णा पुढे आलेला असे. त्यात तोंड घालून, जोर लावून गायचं. आवाजाच्या धक्क्याने सुई थरथरे आणि मेणाच्या तबकडीवर रेघ ओढली जाई. तोंड जरा बाजूला गेलं की आवाज गेला. सूर वर चढला की मागे व्हायचं, नाहीतर सुई उडायची. तासभर रंगणारी चीज दोन-तीन मिनिटांत आटपायची. पाय हलवायला जागा नाही, हात कुणाला दाखवायचा? समोर मेहफिल नाही, एक भोक आहे. जिने नऊ-दहा वर्षांपासून डोळ्यांनी गायला शिकलं होतं, ती भोकात तोंड घालून गात होती.

आणि त्यांनी ते इतरांपेक्षा लवकर ओळखलं. भाव चेहऱ्यावर नेता येत नसेल तर तो आवाजातच आणायचा, पहिल्या काही सेकंदांत राग उभा करायचा, तान छोटी पण कापणारी ठेवायची. पुढे कित्येक वर्षं आपल्याकडच्या गायक-गायिकांनी तबकडीवर गाणं मांडलं ते जवळपास याच साच्यात. सिनेमाचं गाणं तीन मिनिटांचं का असतं, या प्रश्नाचं एक टोक इथे आहे.

तबकडी संपताना त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. बऱ्याच जणांना तो ताठा वाटतो. कारण व्यवहाराचं होतं. मेणाच्या तबकड्या जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथे छापल्या जात, आणि तिथल्या कारागिरांना कोणती कुणाची हे कळावं म्हणून गाणाऱ्याने नाव सांगायचं अशी पद्धत होती. भारतातच रेकॉर्ड छापणारा कारखाना कलकत्त्यात सियालदहला १९०८ मध्ये सुरू झाला. पण आम्हाला वाटतं की सवयीच्या त्या एका वाक्यात त्यांना काहीतरी मिळत असणार. एरवी बाईचं नाव दुसरेच कुणीतरी घेत, आणि कसं घेत ते आपण जाणतोच.

रेकॉर्डच्या लेबलवर काय छापलं होतं माहितेय? गायिका नव्हे. फर्स्ट डान्सिंग गर्ल, म्हणजे पहिल्या दर्जाची नाचणारी. आत एक घुंगरू वाजत नाही आणि बाहेर नाचणारी म्हणून छापलेलं! कंपनीला विकायचं होतं, आणि नाच या शब्दाला भाव होता.

या तबकडीने जे केलं ते कोणत्याही सुधारकाला जमलं नव्हतं. मेहफिलीत फक्त पुरुष जात, तेही पैसेवाले. घरातल्या बायकांनी नवऱ्याच्या तोंडून नाव ऐकलं असेल नसेल. आता ग्रामोफोन दिवाणखान्यात आला. अर्थात तो घेणं गरिबाचं काम नव्हतं, पण हळूहळू चहाच्या दुकानात, जत्रेत, शेजारच्या घरात तो वाजू लागला. पडद्याआडच्या बायकांनी गौहर जान ऐकली. ज्या घराच्या उंबऱ्यात त्यांना स्वतःला पाय ठेवू दिला नसता, त्या घरात त्यांचा आवाज रोज संध्याकाळी पाहुण्यासारखा बसू लागला. आवाज बाईपासून सुटा झाला म्हणूनच ते शक्य झालं. हा त्यांचा विजय म्हणायचा की आणखी एक अपमान, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

१९०२ ते १९२० या काळात त्यांनी सहाशेहून अधिक रेकॉर्ड दिल्या, दहापेक्षा जास्त भाषांत. हिंदुस्थानी, बंगाली, गुजराती, तमीळ, फारसी, पश्तो, इंग्रजी, आणि होय, मराठीही. ऑस्ट्रियात बनलेल्या काडेपेट्यांवर त्यांचं चित्र छापलं जाई. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जसमोर त्या अलाहाबादच्या जानकीबाईंसोबत गायल्या.

या काळातल्या त्यांच्या उधळपट्टीच्या कथा फार. मांजरीला पिल्लं झाली म्हणून २० हजारांची दावत दिली. सहा घोड्यांच्या बग्गीतून फिरल्या म्हणून दंड झाला, तरी फिरत राहिल्या. यातलं किती खरं, किती तिखट-मीठ, सांगता येत नाही. पण गंमत बघा, जुनागढच्या नवाबाने कुत्रीचं लग्न लावलं तर तो राजेशाही शौक, आणि स्वतःच्या गळ्यावर कमावलेल्या बाईने मांजरीची दावत केली तर ती तवायफेची मस्ती.

उर्दूच्या वाचकांना अकबर इलाहाबादींच्या नावावर सांगितला जाणारा तो शेर माहीत असेलच, ज्यात गौहरचा काफिया शौहरशी जुळवलाय. शेर देत नाही. तो मुशायऱ्यात ऐकवला की आजही हशा पिकतो, आम्हीही हसलोय. सगळं आहे, नवरा तेवढा नाही, असा त्याचा मतलब. विनोद चांगला आहे, पण कुणाच्या जखमेवर आहे ते बघा. मुंबईच्या पारशी रंगभूमीवरचे नट-दिग्दर्शक अमृत केशव नायक यांच्याशी गौहर जान यांचं मन जुळलं होतं. १९०७ मध्ये ते ऐन तारुण्यात गेले. आदल्याच वर्षी, १९०६ मध्ये, आई गेली होती.

आईच्या मागे कज्जे सुरू झाले. घरात वाढलेल्या मोलकरणीच्या मुलाने, भगलूने, आपणच मलका जान यांचा मुलगा आणि वारस असल्याचा दावा केला. गौहर जान यांना कोर्टात सिद्ध करावं लागलं की त्या रीतसर लग्नातून जन्मलेल्या आहेत. त्यासाठी ज्या बापाने सहाव्या वर्षी सोडलं त्याला शोधून काढावं लागलं, आणि बापाने साक्ष द्यायला पैसे मागितले, असं चरित्रकार लिहितात. शेवटी निकाल त्यांच्या बाजूने लागला. तवायफेच्या घरात वारसा आईकडून मुलीला जातो, त्याला पुरावा लागत नव्हता. कोर्टाला बाप हवा होता.

दुसरा कज्जा जास्त खोल गेला. आपल्याहून बऱ्याच लहान असलेल्या सेक्रेटरीशी, अब्बासशी, त्यांनी नातं जोडलं, मालमत्ता त्याच्या हाती सोपवली. मग संशय, भांडण, पुन्हा कोर्ट. वकिलांच्या फीमध्ये हवेल्या गेल्या. पुरुषांच्या दुनियेत एकटीने कमावणं त्यांना जमलं, एकटीने राखणं जमलं नाही.

गांधीजींची गोष्ट याच सुमाराची, १९२० ची. स्वराज्य निधीसाठी त्यांनी गौहर जान यांना मदत मागितली. त्यांनी मेहफिल करायचं कबूल केलं, अट एकच, गांधीजींनी स्वतः ऐकायला यावं. त्या दिवशी गांधीजी आले नाहीत, मौलाना शौकत अली आले. जमले होते २४ हजार. गौहर जान यांनी १२ हजार मोजून दिले आणि म्हणे सांगितलं की वचन अर्धंच पाळलं गेलं, तेव्हा रक्कमही अर्धीच. ही गोष्ट सांगोवांगीची आहे, अक्षरशः अशीच घडली याची हमी आम्ही देत नाही. ती शंभर वर्षं टिकून राहिली मात्र, आणि ऐकणारा प्रत्येक जण मनातल्या मनात गौहर जान यांच्याच बाजूने होतो, हे आम्ही पाहिलंय.

शेवटची वर्षं थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. तब्येत आणि पैसा दोन्ही खालावले. गाव-शहरं बदलत त्या दक्षिणेत गेल्या. म्हैसूरचे महाराज कृष्णराज वाडियार चौथे यांनी १ ऑगस्ट १९२८ पासून त्यांना दरबारी गायिका म्हणून नेमलं, महिना ५०० रुपये. एके काळी एका बैठकीला हजारो घेणाऱ्या बाईला महिन्याचा पगार. दीड वर्षही झालं नाही, १७ जानेवारी १९३० रोजी त्या म्हैसूरमध्येच गेल्या. वय ५६.

त्यांच्यानंतर काय झालं ते आपल्या महाराष्ट्रात नीट दिसतं. १९२० च्या दशकातच हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफल करू लागल्या. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ही लेक, मिरजेत जन्मलेली. नऊवारी साडी, पदर नीट, हातवारे नाहीत, चेहऱ्यावर भाव फारसे नाहीत. बाईने शरीफ लोकांसमोर गायचं असेल तर अंगाने काही बोलायचं नाही, हा करार होता, आणि हिराबाईंनी तो पाळून पुढच्या कित्येक मुलींना रस्ता करून दिला. त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. पण हाताची बोटं तेव्हा जी थांबली ती थांबलीच. जान आणि बाई मागे पडल्या, देवी आणि बेगम आल्या. अख्तरीबाई फैजाबादी यांचं लग्नानंतर बेगम अख्तर झालं, ते याच वाटेवरचं.

आणि नाच? तो खालच्या पायरीवर राहिला. २००५ मध्ये आपल्या राज्यात डान्सबारवर बंदी आली, तेव्हा त्या कायद्यात तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना सूट होती. म्हणजे तेच गाणं, तोच ठेका, महागड्या हॉटेलात चालेल, साध्या बारमध्ये नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ही बंदी रद्द ठरवली, त्यात या भेदभावाचाही विचार होता. बारची बाजू घ्यायची म्हणून हे सांगत नाही. तिथल्या मुलींची परिस्थिती काय असते ते आमच्याच काही विद्यार्थिनींच्या वस्त्यांमधून आम्हाला ठाऊक आहे. पण १८९२ च्या अर्जात जो प्रश्न विचारायचा राहून गेला होता, तो २००५ मध्येही राहूनच गेला. त्या बायकांनी दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवायची?

ती नववीतली मुलगी आता डी.एड. करतेय. परवा एका वलीम्यात भेटली. आम्ही तिला कर्ण्याची, मेणाच्या तबकडीची सगळी हकीकत सांगितली, घुंगरू का नाहीत ते सांगितलं. हजरत महल यांचा परीखानाही सांगितला आणि त्या दिवशी गप्प बसलो होतो त्याची माफी मागितली. माफीचं तिने फारसं मनावर घेतलं नाही. तिला वेगळंच विचारायचं होतं. कर्ण्यासमोर पाय हलवता येत नव्हते, ठीक आहे, पण हात तर मोकळे असतील ना? आम्ही म्हटलं, असतील. मग बिर्याणीचं ताट बाजूला ठेवून तिने मोबाइल काढला, मांडवातल्या गोंगाटात तो कानाला लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिली. तिच्या दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती.